उसन्या वहीचं गाणं

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त नाचलो, त्यातला एकही शब्द आम्हाला कळत नव्हता. २००२-०३ चा सुमार. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या तीन बहिणींचं 'केचप साँग'. हातावर हात फिरवायचे, अंगठा खांद्यामागे टाकायचा, गुडघे एकमेकांवर आपटायचे आणि 'आसेरेहे' म्हणून जोरात ओरडायचं. शब्द स्पॅनिश आहेत म्हणून कळत नाहीत, अशी आमची समजूत होती. ते स्पॅनिशमध्येही निरर्थक आहेत, हे कळायला बरीच वर्षं गेली. गाण्यातला दिएगो नावाचा तरुण मध्यरात्री क्लबात येतो, डीजे त्याचं लाडकं गाणं लावतो, आणि इंग्रजी येत नसल्यामुळे तो कानावर पडेल तसं बडबडत नाचतो. ते धृपद म्हणजे त्याची ही बडबड, आणि त्याचं लाडकं गाणं म्हणजे 'रॅपर्स डिलाइट'. शुगरहिल गँग नावाच्या त्रिकुटाचं हे पहिलंच गाणं १९७९ च्या सप्टेंबरात बाजारात आलं.

म्हणजे न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतले बोल स्पेनमध्ये ऐकून ऐकून घासले गेले आणि तेवीस वर्षांनी आमच्या गावातल्या पोरांच्या तोंडी आले. एखाद्या गाण्याचा प्रभाव किती लांब पोहोचतो, हे मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. पण या गाण्याचा माग काढत मागे गेलं की शेवटी हातात एक वही येते. ती ज्याची होती त्याचं नाव रेकॉर्डवर नाही. 'रॅपर्स डिलाइट'ची थोरवी मान्य करणाऱ्या प्रत्येकाने ते नाव अधिकृतपणे लावण्याची मागणी केली पाहिजे, असं माझं मत आहे. पंचेचाळीस वर्षं उलटल्यावर आता काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. 'रॅपर्स डिलाइट' हे हिपहॉपचं पहिलं गाणं, असं सर्रास लिहिलं जातं. रेकॉर्डपुरतं बोलायचं तरी ते काटेकोर नाही. फॅटबॅक बँडचं रॅप असलेलं एक गाणं त्याच वर्षी थोडं आधी येऊन गेलं होतं. आणि रेकॉर्ड बाजूला ठेवली तर हिपहॉप तोवर सहा वर्षांचं झालं होतं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली. जमैकाहून आलेला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, तिथे रेकॉर्डी लावायला बसला. लोक गाण्यातल्या एका ठरावीक जागी चेकाळतात, हे त्याने हेरलं होतं. सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त ढोल वाजत राहतो, ती जागा. ती असते जेमतेम काही सेकंदांची. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवर तो तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे न्यायची. असे ते काही सेकंद पाच-दहा मिनिटं चालायचे. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने रेकॉर्डवर क्रेयॉनच्या खुणा करून हे काम इतकं नेमकं केलं की सांधा ऐकूच येईना. या लांबलेल्या तालावर माईक धरून जो लोकांना चेतवायचा तो एमसी. सुरुवातीला दोन-चार आरोळ्या, मग यमकं, मग कडवीच्या कडवी.

हे सगळं घडलं ते हायवेने मधोमध चिरलेल्या, घरमालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या, जळक्या इमारतींच्या वस्तीत. शाळेच्या मैदानात, बागेत, सोसायटीच्या हॉलमध्ये. विजेची जोडणी कित्येकदा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून घेतलेली. याची रेकॉर्ड काढावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तमाशाच्या फडात रंगलेली सवाल-जवाबाची रात्र डबीत भरून विकायची कल्पना जशी त्या काळच्या फडकऱ्याला सुचली नसती, तसंच. ती रात्र होती, वस्तू नव्हती. फार तर एखाद्याने कॅसेटवर टेप करून घ्यायची आणि ती हातोहात फिरायची.

ही रात्र वस्तू करून विकता येईल, हे दिसलं सिल्व्हिया रॉबिन्सन यांना. त्या स्वतः गायिका होत्या. १९५० च्या दशकात जोडीने आणि १९७३ साली एकट्याने गायलेली त्यांची गाणी गाजली होती. १९७९ साली त्या आणि त्यांचे पती जो न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये अडचणीत आलेला रेकॉर्डचा धंदा सावरत होते. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या एका क्लबात त्यांनी डीजेला तालावर बोलताना आणि गर्दीला उत्तर देताना ऐकलं आणि यात गाणं आहे हे ओळखलं. त्या काळी काळ्या स्त्रीने स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवणं सोपं नव्हतं. मोठ्या कंपन्यांतल्या कुणालाही जे ऐकू आलं नाही ते त्यांना ऐकू आलं, याचं श्रेय त्यांना पुरेपूर द्यायला हवं. पुढे मी जे लिहिणार आहे त्यामुळे ते कमी होत नाही.

अडचण अशी की ब्रॉन्क्सचे नावाजलेले एमसी त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांच्या मुलाने एंगलवुडमधल्या पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हेन्री जॅक्सन, म्हणजे बिग बँक हँक, दाखवला. हा पूर्वी ब्रॉन्क्समधल्या क्लबांच्या दारावर बाउन्सर म्हणून उभा राहायचा आणि एका एमसीचं व्यवस्थापनही बघायचा. पिझ्झा भाजता भाजता तो टेप लावायचा आणि टेपमधल्या एमसीबरोबर तोंडाने म्हणायचा. चाचणी दुकानाबाहेर, गाडीत झाली. हँक कामावरच्या कपड्यांतच येऊन बसला. तेवढ्यात तिथे गाय ओब्रायन आणि मायकल राइट हेही आले आणि आम्हीही म्हणतो म्हणाले. सिल्व्हियाबाईंनी तिघांनाही घेतलं. तिघं एकत्र कधी उभेही राहिले नव्हते. हार्लेममधल्या एका वस्तीचं नाव घेऊन त्यांची शुगरहिल गँग झाली.

टेपवर ज्याचा आवाज होता तो ग्रँडमास्टर कॅझ. ब्रॉन्क्समधला नामांकित एमसी, पुढे कोल्ड क्रश ब्रदर्स या गटाचा कणा झालेला. त्या वेळी तो विशीही न गाठलेला पोरगा होता. त्याने अनेक मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी: हँक त्याच्याकडे आला, रेकॉर्ड करायची संधी मिळाली आहे म्हणाला, आणि बोल मागितले. कॅझने वही पुढ्यात टाकली. हवं ते घे. या रेकॉर्डचं पुढे काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं; झालंच तर आपल्याही वाट्याला काहीतरी येईल, एवढाच त्याचा हिशोब.

हँकने वहीतलं घेतलं ते जसंच्या तसं. कॅझचं आधीचं टोपणनाव होतं कॅसानोव्हा फ्लाय. त्याने आपल्या कडव्यात हे नाव एक एक अक्षर सुटं करून, तालात गुंफलेलं होतं. हँकने स्टुडिओत उभं राहून ती अक्षरंही म्हटली. सी, ए, एस, ए, एन, ओ, व्ही, ए. आजही तुम्ही ते गाणं लावा, हँकचं कडवं सुरू होऊ द्या आणि कान देऊन ऐका. ज्याला आपण हँक समजतो तो माणूस दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आपलं म्हणून सांगतो आहे. लाखो लोकांनी ते ऐकलं, पाठ केलं, आणि कुणालाही ते खटकलं नाही. ब्रॉन्क्समधली मुलं तेवढी चमकली. त्यांना तो माणूस कोण हे ठाऊक होतं.

मराठी माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागू नये, कारण आपल्याकडे नाममुद्रा आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' हे नुसते रिवाजाचे शब्द नाहीत. छापखाना नसलेल्या काळात, तोंडातोंडी फिरणाऱ्या रचनेवर कर्त्याचा हक्क राखायची ती एक रीत होती. ती मोडणारेही होते. देहूतलाच सालोमालो नावाचा कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांतलं तुक्याचं नाव काढून स्वतःचं घालायचा, अशी परंपरागत कथा आहे. आणि इतरांचं आपलं म्हणून मिरवणाऱ्या या सालोमालोवर गाथेत अभंगही आहे. विरक्त म्हणून ज्यांची ख्याती, त्या तुकोबांनासुद्धा हे लागलं, बोचलं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. नावाचा आग्रह म्हणजे अहंकार, असं ज्यांना वाटतं त्यांनी या अभंगाशी थोडं थांबावं. सालोमालोने निदान मुद्रा बदलली होती. हँकने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, आणि त्यामुळेच गाणं स्वतःच आपल्या कर्त्याची साक्ष देत राहिलं आहे.

आता या प्रकरणाचा दुसरा भाग, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. 'रॅपर्स डिलाइट'मध्ये एक नाही, दोन उसनवाऱ्या आहेत. बोल कॅझचे, तसंच संगीत शीक या बँडचं. शीकचं 'गुड टाइम्स' १९७९ च्या जूनमध्ये आलं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात बर्नार्ड एडवर्ड्सने बास गिटारवर वाजवलेली जी ओळ आहे ती एकदा ऐकली की पायाला चैन पडत नाही. ब्रॉन्क्समधल्या डीजेंनी ती रेकॉर्ड लगेच उचलली होती. सिल्व्हियाबाईंकडे डीजेही नव्हता आणि तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्रही तेव्हा सहज मिळत नव्हतं. त्यांनी स्टुडिओत बँड बसवला आणि तीच ओळ हाताने वाजवून घेतली. बासवर चिप शियरिन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. एकच ओळ, न थांबता, न चुकता, पंधरा मिनिटं. ज्याने कधी मृदंगावर भजनाचा ठेका धरून ठेवला असेल त्याला ही काय शिक्षा असते ते माहीत आहे. बोटं दुखतात, आणि लक्ष जरा हललं की लय घसरते. त्या ठेक्यावर तिघांनी आळीपाळीने माईक घेतला. लांब आवृत्ती भरली १४ मिनिटं ३५ सेकंद.

पुढे काय झालं पाहा. शीकचे नाइल रॉजर्स न्यूयॉर्कच्या एका क्लबात गेले असताना त्यांना आपलीच ओळ कानावर आली, आणि वरून कुणीतरी भलतंच बोलत होतं. रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी कोर्टाची धमकी दिली. समझोता झाला, आणि गाण्याचे लेखक म्हणून त्या दोघांची नावं लागली, मानधनाचा वाटा मिळू लागला. हे योग्यच झालं. रॉजर्स यांनी नंतर या गाण्याचं मोठेपण मोकळ्या मनाने मान्यही केलं आहे.

एकाच गाण्यात दोन माणसांचं घेतलं गेलं. एकाचं नाव लागलं, दुसऱ्याचं लागलं नाही. फरक कशाने पडला? एकाचं काम मोलाचं आणि दुसऱ्याचं फुटकळ, असं कोण म्हणेल? रॅपमध्ये बोल म्हणजे अर्धं गाणं. फरक एवढाच की रॉजर्स यांच्यामागे मोठी कंपनी होती, वकील होते, यादीत पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं. कॅझपाशी एक वही होती. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, कायद्याच्या पुस्तकात वहीला किंमत नव्हती असंही नाही. १९७८ च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार रचना कागदावर उतरली की त्या क्षणापासून ती लिहिणाऱ्याच्या मालकीची होते. म्हणजे कॅझने वही पुढ्यात टाकली तेव्हा त्यातली कडवी कायद्याने त्याची होती. फक्त दाद मागायला नोंदणी लागते, नोंदणीला माहिती लागते, वकिलाला पैसे लागतात. ब्रॉन्क्समधल्या त्या पोराला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. कायदा होता, पण तो त्याच्या गल्लीपर्यंत आलेला नव्हता.

याविरुद्ध जे म्हटलं जातं ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणणं, तेव्हा बोल सगळ्यांचे असायचे. कुणीही कुणाचंही म्हणायचं. हे अर्धंच खरं आहे. हात वर करा, आवाज करा अशा आरोळ्या सामाईक होत्या, जसं आपल्याकडे 'जी जी रं जी' कुणा एका शाहिराचं नाही. पण रचलेलं कडवं ही वेगळी गोष्ट, आणि दुसऱ्याचं कडवं उचलणं हे हिपहॉपमध्ये पहिल्यापासून महापाप. त्याला तिथे 'बाइटिंग' म्हणतात, चावा घेणं. हा शब्दच सांगतो की बोल सगळ्यांचे नव्हते. दुसरं म्हणणं, कॅझने स्वतःहून दिलं, मग चोरी कसली? मी चोरी म्हणतच नाही. मी उसनं म्हणतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती चोरी नसते. पण त्या साखरेचा लाडू करून विकला, दुकान थाटलं, आणि वाटी पंचेचाळीस वर्षं परत केली नाही, तर त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. हे गाणं झालंच नसतं तर? कॅझची कडवी ब्रॉन्क्समधल्या चार टेपांवर विरून गेली असती. हे मी नाकारत नाही. या गाण्याने जे केलं ते खरोखर अफाट आहे. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते १९८० च्या जानेवारीत ३६ व्या क्रमांकापर्यंतच चढलं. ब्रिटनमध्ये मात्र तिसऱ्या आणि कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेलं. आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट ही की त्याने दार उघडलं. काही महिन्यांत मोठ्या कंपन्या रॅपर शोधू लागल्या. १९८० मध्ये कर्टिस ब्लोची रेकॉर्ड लाखांत खपली. १९८२ मध्ये सिल्व्हियाबाईंच्याच शुगरहिल कंपनीतून 'द मेसेज' आलं, आणि रॅपमधून तुटक्या काचा, उंदीर, बेकारी यांबद्दल बोलता येतं हे जगाला दिसलं. या सगळ्याला 'हिपहॉप' हे नाव गल्लीबाहेर मिळालं तेही मुख्यतः या गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दांमुळे. २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ते घेतलं.

आणि ते गाणं म्हणून फार सुंदर आहे, हेही सांगायला हवं. मायकल राइट, म्हणजे वंडर माइक, यांचं मित्राच्या घरच्या जेवणाचं कडवं ऐका. ताटात वाढलेलं बेचव आहे, मित्राच्या आईसमोर बोलता येत नाही, पोटात कालवाकालव सुरू आहे आणि निघायला निमित्त सापडत नाही. हे ऐकून हसू न येणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. संकोचाचं इतकं घरगुती चित्र त्या गाण्यात आहे म्हणून ते टिकलं.

पण प्रभाव मोठा आहे म्हणून देणं माफ, हा न्याय कुठला? उलट प्रभाव जितका मोठा तितकं देणं मोठं. आणि एका पहिल्या गाण्यात जो पायंडा पडला तो पुढे चालूच राहिला, हे त्याचं खरं नुकसान. पहिला बळी डीजेचा. सहा वर्षं ज्याच्या बोटांवर हे सगळं उभं होतं तो डीजे या रेकॉर्डवर जवळपास दिसेनासा झाला. त्याच्या जागी स्टुडिओतला बँड आला आणि रॅप म्हणजे माईकवर बोलणारा माणूस, ही समजूत पक्की झाली. फ्लॅशला आपली कला रेकॉर्डवर मांडायला १९८१ उजाडावं लागलं. त्या रेकॉर्डमध्ये त्याने 'गुड टाइम्स'चीच ती ओळ टर्नटेबलांवर फिरवून दाखवली. 'द मेसेज'चं तर उलटंच झालं. ते मुख्यतः ड्यूक बूटी आणि मेली मेल यांनी घडवलं, पण वर नाव ठळक लागलं ग्रँडमास्टर फ्लॅशचं, ज्याचा त्या रेकॉर्डिंगमध्ये म्हणण्यासारखा हात नव्हता. आणि शुगरहिल गँगमधल्या वंडर माइक आणि मास्टर जी, म्हणजे गाय ओब्रायन, यांच्यावरच पुढे अशी वेळ आली की गटाच्या नावाचे हक्क कंपनीच्या घराण्याकडे असल्यामुळे ते नाव लावून त्यांना कार्यक्रम करता येईना. ज्या रेकॉर्डवर दुसऱ्याचं नाव आपलं म्हणून उच्चारलं गेलं, त्या रेकॉर्डमधल्या माणसांना शेवटी स्वतःच्या नावासाठी भांडावं लागलं. कंपनी लहान होती की मोठी, मालक काळे होते की गोरे, याने फरक पडला नाही. कागद ज्याच्या हातात, नाव त्याच्या हातात.

याचे धागे आपल्यापर्यंत येतात. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं. त्यात डीजे क्विकने लता मंगेशकरांचा आवाज जसाच्या तसा घेतला होता. 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. परवानगी नाही, नाव नाही. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि लाहिरी यांचं नाव लावल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा आदेश २००३ मध्ये झाला. तेव्हा आपण सगळे किती संतापलो होतो ते मला आठवतं. 'आमच्या लताबाईंचा आवाज नाव न घेता कसा वापरता?' हा प्रश्न बरोबरच होता. तोच प्रश्न कॅझच्या बाबतीत आपल्याला का पडू नये?

आणि लताबाईंनीच १९६० च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून उभं केलेलं भांडण, त्यापायी रफीसाहेबांशी आलेला दुरावा, हे आपल्याच घरातलं आहे. आपल्या कायद्याबद्दल एक गोष्ट मला अभिमानाने सांगाविशी वाटते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकून टाकले तरी ही रचना माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. अमेरिकी कायद्यात गाण्याच्या कर्त्याला असं सरळ संरक्षण नाही. शिवाय जावेद अख्तर यांनी लावून धरलेल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देताच येणार नाही, अशी तजवीज केली. कागदावर आपण पुढे आहोत. पण गल्लीत? वामनदादा कर्डकांची गाणी जयंतीच्या मिरवणुकीत, ऑर्केस्ट्रात, मोबाइलवर अखंड वाजतात. निवेदक कवीचं नाव घेतोच असं नाही, अपलोड करणारा लिहितोच असं नाही. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो म्हणून कळतं तरी. इथेही कर्त्याची राखण मुद्राच करते आहे.

आज मुंबई-पुण्यातली मुलं मराठीत रॅप लिहितात. वहीत नाही, फोनच्या नोट्समध्ये. एखादा निर्माता म्हणतो, चार ओळी दे, बघू. आणि मुलगा स्क्रीनशॉट पाठवून मोकळा होतो. त्या मुलांच्या थोरल्या भावंडांनी त्यांना एवढं तरी सांगावं की ओळी देण्याआधी तारखेसह स्वतःला ईमेल करून ठेव, नाव कसं लागणार ते दोन ओळींत लिहून घे, आणि कॉपीराइट नोंदणीचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. १९७९ मध्ये कॅझला हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे सांगणारे आहेत.

राहिला मूळ प्रश्न. हँक २०१४ मध्ये गेला. सिल्व्हियाबाई २०११ मध्ये गेल्या. २०२२ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर मान मिळाला, तो त्यांचा हक्कच होता. कोर्टकचेरीची मुदत केव्हाच उलटून गेली असणार, आणि मी कोर्टाबद्दल बोलतही नाही. मी नोंदीबद्दल बोलतो. आज गाणं ऐकणारे बहुतेक जण ते फोनवर ऐकतात, आणि तिथे गाण्याच्या खाली 'श्रेय' अशी एक पाटी असते. ती छापील रेकॉर्डच्या लेबलसारखी कायमची नसते. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कळवलं की बदलते. हक्कदारांनी तिथे आणखी एक नाव लिहावं, आणि जपणूक करणाऱ्या संस्थांनी आपल्या नोंदींत कॅझचं नाव ठळक घालावं. पैशाचा हिशोब त्यांचा त्यांनी बघावा. ते नाव लागलं तर तोही मागे लागेल.

कॅझ साठीच्या पुढे गेला आहे. गेली कित्येक वर्षं तो पर्यटकांना बसमधून हार्लेम आणि ब्रॉन्क्स दाखवत आला आहे. ही इमारत, हे मैदान, इथे हर्क बसायचा, इथे आम्ही भिडायचो, असं माईक हातात धरून सांगतो. बसमधल्या जवळपास प्रत्येकाला 'रॅपर्स डिलाइट' तोंडपाठ असतं. त्यातली आठ अक्षरं ते त्याच्यासमोर म्हणू शकतात, आणि ती ज्याच्या नावाची आहेत तो माणूस त्यांच्यापुढे चार फुटांवर उभा असतो.